टार्गेट नाही, तरी ट्यूब उजळते: एन्झाइमविना चालणाऱ्या डीएनए सेन्सरमधली गळती

नागपुरात फेब्रुवारीत उत्तम चालणारा सेन्सर एप्रिलपासून डळमळायला लागतो. नवतपा लागेपर्यंत ब्लँक (टार्गेट नसलेली ट्यूब) आणि सॅम्पल यांच्यात फरक उरत नाही, आणि पावसाळा स्थिरावला की सगळं आपोआप रुळावर येतं. मधल्या काळात ऑलिगो (छोट्या डीएनए पट्ट्या) पुन्हा मागवले जातात, बफर बदलला जातो, कुरिअरच्या गाडीत डीएनए तापला असेल म्हणून कंपनीला मेल जातो. कुरिअरवरचा संशय तर आधीच सोडून द्या. कोरडा, लायोफिलाइज्ड डीएनए चार दिवस ४५ अंशांत राहिला म्हणून बिघडत नाही.

इथे मुख्यतः सीएचए, म्हणजे कॅटॅलिटिक हेअरपिन असेंब्लीबद्दल लिहिलं आहे. २००४ साली डर्क्स आणि पीअर्स यांनी मांडलेल्या एचसीआरला, म्हणजे हायब्रिडायझेशन चेन रिअॅक्शनला, यातलं बहुतेक सगळं लागू पडतं. दोन्हींत एच-१ आणि एच-२ हे हेअरपिन, म्हणजे स्वतःवरच दुमडलेल्या डीएनए पट्ट्या, एकाच ट्यूबमध्ये असतात. ते एकमेकांना जुळू शकतात, पण मिटलेले असल्यामुळे जुळत नाहीत. टार्गेट, म्हणजे शोधायची पट्टी, एच-१च्या टोहोल्डला (मोकळ्या राहिलेल्या टोकाला) बसतं, एच-१चं स्टेम (जुळलेला दांडा) उघडतं, उघडलेला एच-१ मग एच-२ला उघडतो. सीएचएमध्ये टार्गेट सुटून पुढच्या एच-१कडे जातं, एचसीआरमध्ये साखळी लांबत जाते. या जोड्या कधीतरी जुळणारच असतात, टार्गेट फक्त ते लवकर घडवून आणतं. एन्झाइम नसल्यामुळे हे स्टेम मिटलेलं राहणं हाच काय तो अडसर. तो जिथे सैल पडेल तिथून गळती होते, म्हणजे टार्गेटविनाच जोड्या जुळतात, आणि सैल पडण्याची कारणं वेगवेगळी असतात. म्हणून काहीही बदलण्याआधी गळती कोणत्या जातीची आहे ते ठरवा.

आधी रेषा वाचा

दोन तासांनंतरचा एकच आकडा घेऊन ‘बॅकग्राउंड जास्त आहे’ म्हणण्यात अर्थ नाही. दर मिनिटाला रीडिंग घ्या आणि टार्गेट नसलेल्या ट्यूबचा आलेख बघा.

रेषा पहिल्या मिनिटापासूनच उंच आणि पुढे सपाट असेल, तर दोष रिपोर्टरमध्ये, म्हणजे एच-१:एच-२ जोडीने उघडून उजळणाऱ्या पट्ट्यांमध्ये, आहे. पहिल्या पाच-दहा मिनिटांत उसळी आणि मग रेषा मंदावत असेल, तर हेअरपिनचा काही हिस्सा चुकीचा घडी झालेला किंवा अपुऱ्या लांबीचा आहे. तो हिस्सा संपला की उसळी थांबते. सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखा सरळ चढ असेल, तर ती खरी, रचनेतलीच गळती: स्टेमची टोकं श्वास घेतल्यासारखी उघडमीट करतात आणि तेवढ्या फटीतून दोन हेअरपिन भिडतात. उन्हाळ्यात वाढते ती बहुधा हीच. उसळी आणि चढ दोन्ही एकत्र दिसणंही नेहमीचं आहे, तेव्हा दोन्हींचा हिशेब वेगळा ठेवा.

आता ट्यूब लावा. प्रत्येक २० मायक्रोलिटर, प्रत्येकी तीन प्रती:

१. फक्त बफर
२. रिपोर्टर
३. रिपोर्टर + एच-१
४. रिपोर्टर + एच-२
५. रिपोर्टर + एच-१ + एच-२
६. पाचवीसारखीच, शिवाय टार्गेट १ नॅनोमोलर
७. रिपोर्टर + आधीच एकत्र तापवून थंड केलेली एच-१:एच-२ जोडी, २०० नॅनोमोलर

अंतिम प्रमाण: एच-१ ५० नॅनोमोलर, एच-२ १०० नॅनोमोलर, रिपोर्टरमध्ये फ्लुओरोफोरची (चमकणाऱ्या रंगाची) पट्टी ५० आणि क्वेंचरची (ती चमक दाबणारी) ७५ नॅनोमोलर. बफर: ट्रिस २० मिलिमोलर, पीएच ७.५, सोडियम क्लोराइड १४०, पोटॅशियम क्लोराइड ५ मिलिमोलर. त्यात २१ टी असलेली साधी पॉली-टी पट्टी १ मायक्रोमोलर टाका. नॅनोमोलर पातळीवरचा डीएनए प्लास्टिकला चिकटतो, त्याऐवजी ही चिकटते.

सातवी ट्यूब लोक सर्रास गाळतात. ती नसेल तर तुमचे आकडे म्हणजे नुसती यंत्राची एककं. सातवीचं स्थिरावलेलं रीडिंग म्हणजे सगळा ५० नॅनोमोलर रिपोर्टर उघडलेला. प्रत्येक रीडिंगमधून दुसरी ट्यूब वजा करा, सातवी वजा दुसरी या फरकाने भागा, ५०ने गुणा. उत्तर नॅनोमोलर उत्पादनात मिळतं, आणि मे महिन्याची तुलना जानेवारीशी करता येते.

दुसरी ट्यूब सुरुवातीलाच उजळ असेल तर क्वेंचर कमी पडतोय. दीडपट क्वेंचर घेऊन रिपोर्टर पुन्हा घडवा. दुपटीच्या वर जाऊ नका, कारण मोकळी क्वेंचर पट्टी रिपोर्टरची अभिक्रिया उलटी ढकलते. दुसरी ट्यूब हळूहळू चढत असेल तर मात्र प्रकरण वेगळं. तिथे हेअरपिनच नाहीत, तेव्हा ही गळती असूच शकत नाही. डीएनेझ, म्हणजे डीएनए कापणारं एन्झाइम, रिपोर्टर कापतंय असं धरा. डीएनेझला लागणारे धातूचे आयन बांधून ठेवणारं ईडीटीए १ मिलिमोलर टाकल्यावर चढ थांबला तर निदान पक्कं: बफर फेका, पाणी बदला, पिपेट साफ करा.

तिसरी किंवा चौथी एकटीच चढली तर तो हेअरपिन रिपोर्टरला थेट उघडतोय. हा सीक्वेन्सचा दोष, तापमानाशी त्याचा संबंध कमी. पाचवी चढत असेल आणि दुसरी, तिसरी, चौथी शांत असतील, तरच पुढे वाचण्यात अर्थ आहे.

तापमान: ‘रूम टेंपरेचर’ कोणत्या रूमचं?

प्रोटोकॉलमध्ये रूम टेंपरेचर लिहिलं असतं, म्हणजे २५ अंश. बाहेर ४५ असताना कूलरवर चालणाऱ्या प्रयोगशाळेत बाकावर दुपारी ३६ ते ३८ सहज असतं, आणि लाईट गेली की त्याहून वर. एसी असला तरी तो रात्री बंद होतो, आणि रात्रभर लावून ठेवलेली अभिक्रिया पहाटेपर्यंत तापलेल्या भिंतींच्या सोबतीने चालते.

याहून फसवं आहे ते ड्राय बाथ. साधा ड्राय बाथ फक्त तापवू शकतो, थंड करू शकत नाही, आणि खोलीपेक्षा साधारण पाच अंश वरच त्याचं नियंत्रण खरं धरायचं. खोली ३६ वर असताना ३७ वर लावलेला बाथ ४०-४१ला भटकतो, डिस्प्ले काही का दाखवेना. प्लेट रीडरचंही तेच. बहुतेक रीडरमध्ये थंड करण्याची सोय नसते, आणि दिवा व मोटारींमुळे आतलं तापमान खोलीपेक्षा दोन-चार अंश जास्तच असतं.

तपासणी सोपी आहे. ट्यूबमध्ये ५० मायक्रोलिटर पाणी, वर मिनरल ऑइलचा थेंब, आत बारीक थर्मोकपल. प्रयोग चालतो तेवढा वेळ, त्याच खाचेत, दर दहा मिनिटांनी नोंद. दुपारी एक आणि सकाळी आठ अशा दोन फेऱ्या करा. दोन अंशांपेक्षा जास्त फरक दिसला तर ऑलिगोवर पैसे घालण्याआधी हे निस्तरा.

उपाय दोन. पहिला, अभिक्रिया पेल्टिअर असलेल्या, म्हणजे थंडही करू शकणाऱ्या यंत्रात चालवा. क्यूपीसीआर मशीन यासाठी आदर्श आहे: तापमान काटेकोर, तापलेलं झाकण असल्याने बाष्पीभवन नाही, आणि दर मिनिटाला फॅम (रिपोर्टरवरचा चमकणारा रंग) चॅनेलचं रीडिंग. रॉक्सचा पॅसिव्ह रेफरन्स मात्र बंद करा. तुमच्या बफरमध्ये रॉक्स नसतो, आणि मशीन नसलेल्या रंगाने भागाकार करत बसतं.

दुसरा उपाय क्षेत्रात किंवा छोट्या केंद्रावर न्यायच्या सेन्सरसाठी, आणि नागपुरात तोच शहाणपणाचा. अभिक्रिया २५ किंवा ३७ साठी न आखता ४५ अंशांसाठी आखा. तापवणं स्वस्त आहे, थंड करणं महाग. सीएचए ६० अंशांपर्यंत चालवून दाखवलेलं आहे, तेव्हा ४५ ही काही अवास्तव मागणी नाही. पण २५ साठीचेच हेअरपिन ४५ वर वापरू नका. स्टेम दोन-तीन जोड्यांनी वाढवा, स्टेमच्या दोन्ही टोकांना जी-सी जोड्या ठेवा, टोहोल्ड ८ ऐवजी ९-१० करा. टोहोल्डचा वेग लांबीबरोबर झपाट्याने वाढतो, पण २५ अंशांवर ६-७ बेसनंतर सपाट होतो. तापमान वाढलं की तेवढ्याच वेगासाठी जास्त बेस लागतात. न्यूपॅक या डीएनएची घडी वर्तवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तापमान ४५ आणि सोडियम ०.१४ मोलर भरून बघा. त्यात आधीपासून भरलेलं ३७ आणि १ मोलर तसंच ठेवून काढलेली घडी आपल्या कामाची नाही.

आता एक उपद्रव, ज्यामुळे गळती प्रत्यक्षाहून कमी दिसते. ट्रिसचा पीएच तापमान वाढलं की अंशामागे सुमारे ०.०२८ने उतरतो. २५ अंशांवर ७.५ केलेला बफर ४५ वर ६.९ च्या आसपास येतो. फॅमची चमक पीएचवर अवलंबून आहे आणि त्याचा पीकेए ६.५च्या जवळ, त्यामुळे चमक जवळपास पाचव्या हिश्श्याने घटते. म्हणजे उत्पादन वाढतंय आणि दिवा मंदावतोय. सातवी ट्यूब त्याच तापमानाला, त्याच फेरीत चालवली असेल तर हे आपोआप वजा होतं. जानेवारीतली सातवी मे महिन्यात वापरली तर नाही. कायमचा इलाज हवा असेल तर बफरचा पीएच कामाच्या तापमानाला लावा, किंवा सीवाय५सारखा पीएचला न जुमानणारा रंग घ्या. फॉस्फेट बफर तापमानाला फारसा हलत नाही, पण मॅग्नेशियम वापरत असाल तर तिथे साका बसण्याची धास्ती असते.

बाष्पीभवन आणि वर्गाचा हिशेब

कोरड्या उन्हाळ्यात उघडी प्लेट किती लवकर आटते ते वेगळं सांगायला नको. २० मायक्रोलिटरमधले ४ उडाले की सगळी प्रमाणं सव्वापट होतात. गळती एच-१ आणि एच-२ या दोन्हींच्या गुणाकारावर चालते, म्हणून ती १.२५ गुणिले १.२५, म्हणजे दीडपटीहून जास्त वाढते. कडेच्या खाचा मधल्यांपेक्षा जास्त उजळत असतील तर कारण हेच. ऑप्टिकल सील लावा किंवा प्रत्येक खाचेत २० मायक्रोलिटर मिनरल ऑइल.

हाच हिशेब उलटा वापरणं हा सगळ्यात स्वस्त इलाज आहे, आणि तो फार कमी जण करतात. समजा पाचव्या ट्यूबचा चढ तासाला १.८ नॅनोमोलर आहे. ५० आणि १०० नॅनोमोलर हेअरपिनांसाठी याचा गळतीचा स्थिरांक साधारण १०० प्रति मोलर प्रति सेकंद येतो. टार्गेट ५० पिकोमोलर असेल आणि त्याचा प्रत्येक रेणू तासाला वीस वेळा फिरत असेल, तर सिग्नल १ नॅनोमोलर. गळतीखाली गाडला गेला. आता दोन्ही हेअरपिन निम्मे करा. गळती चौथाईवर, ०.४५वर येते. टार्गेटच्या वाटेत मुख्य अडसर एच-१ उघडण्याचा असेल तर सिग्नल निम्म्यावर, ०.५वर येतो. सिग्नल गळतीच्या वर आला, खर्च शून्य, फक्त वाट जास्त वेळ बघायची. ‘सिग्नल कमी आहे, हेअरपिन वाढवू’ ही स्वाभाविक प्रतिक्रिया नेमकी उलट दिशेने नेते.

उसळी असेल तर: शुद्धता आणि घडी

डीएनए संश्लेषण ३′ कडून ५′ कडे जातं आणि प्रत्येक बेस जोडताना थोडी गळ लागते. ९९.५ टक्के यश धरलं तरी ६० बेसच्या पट्टीत पूर्ण लांबीच्या पट्ट्या ७४ टक्केच राहतात. ९९ टक्के असेल तर ५५. नुसत्या डिसॉल्टिंगवर (फक्त मीठ काढून) मागवलेला ६०चा हेअरपिन म्हणजे चौथाई भेसळ. या अपुऱ्या पट्ट्या ५′ टोकाला तोकड्या असतात. टोहोल्ड ५′ ला असेल तर टोहोल्ड लहान होतो आणि सिग्नल मंदावतो, गळती फारशी नाही. टोहोल्ड ३′ ला असेल तर ५′ म्हणजे स्टेमचं बाहेरचं टोक. तिथला एकेक बेस गेला की समोरचा बेस उघडा पडतो आणि स्टेम ढिलं होतं. एचसीआरच्या नेहमीच्या रचनेत एच-१चा टोहोल्ड ५′ ला आणि एच-२चा ३′ ला असतो. एकाच हेअरपिनच्या शुद्धीकरणाला पैसे असतील तर ते एच-२वर घाला.

इतक्या लांब पट्टीसाठी एचपीएलसीपेक्षा पेजवर, म्हणजे अॅक्रिलामाइड जेलवरच्या शुद्धीकरणावर भरवसा ठेवा. घरी करायचं तर १२ टक्के जेल, ७ मोलर युरिया. टीएलसी प्लेटवर ठेवून २५४ नॅनोमीटरच्या प्रकाशात पट्टा शोधायचा, पण काही सेकंदच. जास्त वेळ ठेवलं तर थायमिन डायमर (शेजारच्या थायमिनांच्या चिकटलेल्या जोड्या) बनतात आणि शुद्ध केलेला डीएनए आपल्याच हाताने खराब होतो. फक्त वरचा गडद भाग कापा, खालची शेपटी हावरटपणाने घेऊ नका. ०.३ मोलर सोडियम अॅसिटेटमध्ये रात्रभर, मग अडीच पट इथेनॉल.

प्रमाण मोजताना हेअरपिन घडी झालेला असेल तर २६० नॅनोमीटरला तो कमी शोषतो आणि प्रमाण कमी वाटतं. मग तुम्ही जास्त टाकता. ८५-९० अंशांवर तापलेल्या क्युव्हेटमध्ये मोजा.

घडी घालताना एच-१ आणि एच-२ वेगळ्या ट्यूबमध्ये, प्रत्येकी २ मायक्रोमोलरपेक्षा जास्त नाही, कामाच्याच बफरमध्ये. ९५ अंश पाच मिनिटं, मग सेकंदाला ०.१ अंशाने २५ पर्यंत, थर्मल सायकलरमध्ये. १०-२० मायक्रोमोलरवर घडी घातली तर दोन एच-१ एकमेकांत गुंततात. ‘बाकावर ठेवून आपोआप थंड होऊ द्या’ हे वाक्य मे महिन्यात विसरा, बाक स्वतःच थंड नसतो.

घडी झालेला हेअरपिन उणे २० ला ठेवू नका. पाणी गोठताना मीठ आणि डीएनए उरलेल्या द्रवात दाटतात आणि नको त्या जोड्या तिथेच बनतात. महावितरणच्या कृपेने फ्रीजर दोनदा वितळून पुन्हा गोठला की तेच दोनदा. १०० मायक्रोमोलरचा मूळ स्टॉक टीई बफरमध्ये उणे २० ला, घडी झालेला ४ अंशांवर, आणि शंका आली की पुन्हा ९५ला न्या. एवढ्याने उसळी गेली तर शुद्धतेचा दोष नव्हता, घडीचा होता.

घडी नेटिव्ह (घडी न मोडणाऱ्या) जेलवर तपासा, पण जेल बर्फाच्या पाण्यात किंवा कोल्ड रूममध्ये, ८० ते १०० व्होल्टवर. तापलेल्या खोलीत १५० व्होल्टवर पळवलेल्या जेलमध्ये एच-१ आणि एच-२ एकाच लेनमध्ये असले की जेलमध्येच जुळतात. तो पट्टा पाहून ट्यूबमध्ये गळती आहे असा निष्कर्ष काढू नका.

उसळी तरीही थोडी उरली तर एच-१च्या दहाव्या हिश्श्याएवढी, म्हणजे ५ नॅनोमोलर, थ्रेशोल्ड पट्टी टाकता येते. ती पहिलं उत्पादन गिळते. सरळ चढावर तिचा उपयोग नाही, ती भरली की चढ पुन्हा दिसतो.

पाणी

बोअरच्या पाण्याचा जडपणा लिटरला ३०० मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटएवढा असेल तर त्यात ३ मिलिमोलर द्विसंयोजी आयन आले. आरओचा मेंब्रेन थकला की त्यातला वाटा ‘डिस्टिल्ड’ कॅनमध्ये उतरतो. मॅग्नेशियम-कॅल्शियमने स्टेम घट्ट होतं, पण दोन हेअरपिन जवळ यायलाही मदत होते, आणि डीएनेझलाही तेच लागतं. रोधकता १८.२ मेगाओहम सेंटिमीटर आहे का ते बघा. मीटर नसेल तर पाचवी ट्यूब ईडीटीएसह आणि ईडीटीएविना लावा. बफरमध्ये मॅग्नेशियम नसतानाही फरक पडला तर पाणीच दोषी.

चढ तरीही हटत नसेल

तापमान स्थिर, पट्ट्या शुद्ध, प्रमाण निम्मं, आणि तरीही चढ नडत असेल, तर आता रचना बदला, आधी नाही. जिथे दोन स्टेमची सैल टोकं एकमेकांना भिडतात, त्या जागी एच-२मधले एक किंवा दोन बेस असे बदला की ते एच-१शी जुळणार नाहीत. गळतीची सुरुवातच अडते. टार्गेटच्या वाटेने येणारी अभिक्रियाही थोडी मंदावते, पण गळतीइतकी नाही. एक बेस, दोन बेस आणि मूळ असे तीन एच-२ मागवून पाचवी आणि सहावी ट्यूब शेजारी लावा, आणि निवड चढाच्या आकड्यावर नाही, सहावी भागिले पाचवी या गुणोत्तरावर करा.

विदर्भातलं नेहमीचं टार्गेट: सिकलसेल

बीटा ग्लोबिनच्या सहाव्या कोडॉनमधला जीएजीचा जीटीजी ओळखायचा असेल तर दोन गोष्टी गळतीच्या नावाखाली खपवल्या जातात. पहिली, सामान्य डीएनए टाकल्यावर येणारा सिग्नल. ती गळती नाही, तो निवडीचा दोष आहे. बदललेला बेस टोहोल्डमध्ये किंवा त्याला लागूनच यायला हवा, स्टेमच्या मध्यावर आला तर फरक मिळत नाही. दुसरी, सरळ जीनोमिक डीएनए वापरण्याचा हट्ट. १ मायक्रोग्रॅम मानवी डीएनएत जीनच्या सुमारे तीन लाख प्रती असतात. २० मायक्रोलिटरमध्ये ते २५ फेम्टोमोलर झालं, आणि एकट्या सीएचएची गळती त्याच्या कितीतरी वर असते. आधी पीसीआर लागतो, शक्यतो असमान प्रायमरांचा, म्हणजे एकेरी पट्टी मिळते. त्यातलं १.५ मिलिमोलर मॅग्नेशियम आणि उरलेले प्रायमर सोबत येतात, तेव्हा उत्पादन किमान दहापट पातळ करून टाका. पाचव्या ट्यूबमध्येही तेवढाच पीसीआर बफर घाला, टेम्प्लेट नसलेल्या फेरीतला.